दहावीच्या विज्ञानाचं ‘टार्गेट’ ठरवताना या चुका टाळा

रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी नववी-दहावीची मुलं विज्ञान शिकायला येतात. महिन्याच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला कॉपीच्या शेवटच्या पानावर (आम्हा इंदूरकरांची वही म्हणजे कॉपीच) उद्दिष्टं लिहायला लावते. एका मुलाने लिहिलं होतं: लाइट पूर्ण करणे, इलेक्ट्रिसिटी समजून घेणे, रोज दोन तास सायन्स, ९५ टक्के. सुवाच्य अक्षर, खाली लाल पेनाची रेघ. पण महिनाअखेरीला यातलं काय झालं आणि काय राहिलं, हे मी कशावरून ओळखायचं? आणि त्याने तरी कशावरून?

पुस्तक मिटलं की मला काय करून दाखवता येईल, याचं उत्तर उद्दिष्टात हवं. वर्षानुवर्षं मुलं आणि त्यांचे आईबाबा नेमकं तेच लिहायचं सोडून बाकी सगळं लिहितात.

‘धडा झाला’ म्हणजे उद्दिष्ट झालं

आठवड्याने तोच मुलगा म्हणाला, “काकू, लाइट झाला.” मी त्याला एक प्रश्न दिला. अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून नाभीपर्यंतचं, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूपर्यंतचं) १५ सेंटीमीटर, वस्तू आरशापासून १० सेंटीमीटरवर. प्रतिमा कुठे?

पेन लगेच चालू लागलं. सूत्र पाठ होतं. १५ आणि १० जसेच्या तसे घातले, अधिक-उणे चिन्हं नाहीत. एक छेद १५ मधून एक छेद १० वजा, उत्तर आलं उणे. “मायनस आलं काकू. म्हणजे आरशाच्या पुढे, उलटी.” चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

मी आतून यांचा दाढीचा आरसा आणून त्याच्यासमोर धरला. “जवळून बघ. उलटा दिसतोस?” तो सुलटा दिसत होता, मोठाही. दाढीचा आरसा अंतर्गोलच असतो आणि चेहरा नाभीच्या आत असतो म्हणून तर तो कामाचा. मग चिन्हं घालून (आरशाच्या पुढचं अंतर उणे, मागचं अधिक) मी पुन्हा करून दाखवलं: वस्तूचं अंतर उणे १०, नाभीय अंतर उणे १५, प्रतिमा अधिक ३०, म्हणजे आरशाच्या मागे, आभासी, तिप्पट मोठी.

धडा त्याने खरंच वाचला होता, खोटं बोलत नव्हता. पण ‘पूर्ण करणे’ हे वाचनाचं टार्गेट झालं. त्याच्या कॉपीत आम्ही ते खोडून असं लिहिलं: ‘वस्तू नाभीच्या आत किंवा बाहेर असताना प्रतिमा कुठे आणि कशी, हे गणिताआधी आकृती काढून सांगता येणे, आणि मग गणिताचं उत्तर आकृतीशी ताडून बघता येणे.’ लांबलचक आहे, पण पाच मिनिटांत तपासता येतं.

‘समजून घेणे’

हा शब्द मला उद्दिष्टात नकोच असतो. एनसीईआरटीने २०१७ साली पहिली ते आठवीसाठी अध्ययन निष्पत्ती (शिकल्यावर मुलाला काय करता यावं याची यादी) काढल्या, पुढे माध्यमिकच्याही आल्या. त्यात क्रियापदं कशी आहेत बघा: फरक सांगतो, वर्गीकरण करते, नामनिर्देशित आकृती काढतो, मोजते, कारण देतो. बी.एड.ला असताना ब्लूमची १९५६ ची शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी पायऱ्यांसकट पाठ केली होती आणि परीक्षेनंतर विसरले होते. या क्रियापदांनी मात्र घर केलं, कारण ती समोर बसलेल्या मुलाकडून करून घेता येतात. ‘समजणे’ कुणाकडून करून घेता येत नाही.

इलेक्ट्रिसिटीतली नेहमीची गडबड सांगते. ओहमच्या नियमाची आकृती मुलं चित्रासारखी पाठ करतात. पुस्तकात बॅटरी खाली असेल, तर मी ती वरच्या बाजूला काढून देते आणि म्हणते, आता बाकीचं जोड. निम्म्या वेळा व्होल्टमीटर पॅरललऐवजी सिरीजमध्ये जाऊन बसतो. त्याचा रोध फार मोठा असतो, त्यामुळे परिपथातला प्रवाह जवळजवळ थांबतो आणि बल्ब लागत नाही. मग मुलं सेल बदलतात, वायर बदलतात, बल्ब बदलतात. ॲमीटर सिरीजऐवजी पॅरलल लावणं त्याहून वाईट: त्याचा रोध नगण्य, सगळा प्रवाह त्याच्यातून धावतो आणि काटा जाऊन टोकाला आपटतो. तेव्हा ‘इलेक्ट्रिसिटी समजणे’ खोडा आणि लिहा: ‘बल्ब लागत नसेल तर परिपथ बघून बिघाड शोधता येणे’.

घरची मराठी, शाळेची हिंदी

ही चूक पुण्या-मुंबईच्या शिक्षकांच्या लक्षात यायचं कारण नाही, पण इंदुरात आमच्या घरांमध्ये ती रोजची. हिंदी माध्यमातल्या एका मुलीला तिच्या पुण्याच्या मामाने हौसेने महाराष्ट्र बोर्डाचं मराठी पुस्तक आणून दिलं. तिने ते मन लावून वाचलं आणि चाचणीत लिहिलं की अम्ल आणि क्षारक यांच्या अभिक्रियेने ‘क्षार’ बनतो. गुण गेला. घरी रडारड.

मराठी पुस्तकाप्रमाणे तिचं बरोबरच होतं. मराठीत आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी त्रयी आहे, आणि क्षार म्हणजे मीठ. हिंदी पुस्तकात हीच त्रयी अम्ल, क्षारक आणि लवण अशी आहे, आणि तिथे क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक. एकच शब्द, अर्थ जवळजवळ उलटा. ‘ताप’ही तसाच. हिंदी भौतिकीत ताप म्हणजे तापमान, आणि आमच्याकडे ताप आला की आई कपाळावर घडी ठेवते. मराठीतलं वस्तुमान हिंदीत द्रव्यमान, आणि क्षपण हिंदीत अपचयन.

यावर उपाय मामाचं पुस्तक माळ्यावर टाकणं हा नाही. घरच्या भाषेत विचार करणारं मूल विज्ञानात मागे पडतं असं मला कधी वाटलं नाही, उलटच वाटतं. शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला दोन रकाने करा, घरचा शब्द आणि पेपरातला शब्द. उद्दिष्ट लिहिताना मात्र पेपरातलाच शब्द वापरा.

आम्ल-आम्लारीच्याच धड्यातलं माझं आवडतं उद्दिष्ट सकाळच्या पोह्यांतून आलं. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पोह्यांची हळद सांडली, आईने साबण चोळला आणि डाग लालसर तपकिरी झाला. भरपूर पाण्यात खळबळला तर पुन्हा पिवळा. साबण आम्लारिधर्मी, हळद दर्शक (आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणारी), इतकंच. पण ‘दर्शक पाठ करणे’ आणि ‘डाग लाल का झाला हे आईला सांगता येणे’ यांत किती फरक आहे! आणि साबण खराब निघाला, बदलायला हवा, असं आईचं ठाम मत असेल तर परीक्षा आणखी अवघड.

पुस्तकातला आकडा प्रयोगवहीत उतरवणे

पाणी किती अंशांना उकळतं? सगळी मुलं १०० लिहितात, थर्मामीटर न बघता. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. एका मुलीला ९८ दिसलं होतं, तिने खाडाखोड करून १०० केलं. “चूक नको म्हणून.” मला फार वाईट वाटलं, कारण तिचं निरीक्षण चोख होतं.

प्रयोगाचं उद्दिष्ट ‘बरोबर उत्तर आणणे’ असं लिहिलं की हे होणारच. त्याऐवजी ‘मला दिसलेला आकडा आणि पुस्तकातला आकडा यांत फरक असेल तर एक तरी संभाव्य कारण सांगता येणे’ असं लिहा. कारण उंचीचं असेल, थर्मामीटरचा गोळा भांड्याच्या तळाला टेकला असेल, किंवा डोळा तिरका ठेवून वाचलं असेल. सीबीएसईच्या पेपरात आता निम्मे प्रश्न प्रसंग देऊन विचार करायला लावणारे असतात, तिथेही हीच सवय उपयोगी पडते.

तास आणि टक्के

यावर जास्त लिहित नाही. दोन तास बसणं हे वेळापत्रक आहे आणि ९५ हा निकाल. भंवरकुआंच्या कोचिंगचे फलक बघून घरोघरी टक्क्यांचे आकडे ठरतात. आईबाबांना आकडा हवाच असेल तर सीबीएसईच्या विज्ञानात ८० गुण लेखीचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, एवढं तरी पाहा. त्या २० मध्ये प्रयोग आणि वर्षभराचं काम येतं, ते मार्चमध्ये रात्रभर जागून मिळत नाहीत.

आणि महिन्याला १५ उद्दिष्टं लिहू नका. आठवड्याला दोन पुरेत. त्यातलं एक घराबाहेरचं असलं तर उत्तम: धार रोडवरच्या सिरपूर तलावावर जा (२०२२ पासून तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे) आणि डोळ्यांना दिसलेल्या जिवांचीच अन्नसाखळी काढा. पुस्तकातला गवत-नाकतोडा-बेडूक चालणार नाही.

एकच उद्दिष्ट तीनदा हुकलं तर

तेव्हा आणखी मेहनत करू नका, खाली उतरून बघा. आरशाच्या त्या मुलाने नंतर चिन्हं न चुकता घातली, आकृतीही बरोबर काढली, तरी उत्तर येईना. तीन आठवडे ‘आरशाचं सूत्र वापरता येणे’ कॉपीत तसंच पुढे सरकत राहिलं. शेवटी मी म्हटलं, बोलत बोलत सोडव. एक छेद प्रतिमेचं अंतर बरोबर एक छेद ३०, इथपर्यंत तो सुरळीत आला आणि लिहिलं: प्रतिमेचं अंतर एक छेद ३० सेंटीमीटर.

उलटा करायचा राहत होता. आणि छेद वेगळे असले की लसावि काढतानाही अडत होता, सहावीपासून. बिचारा तीन आठवडे प्रकाशाशी झटत होता आणि बिघाड अपूर्णांकात होता. त्या आठवड्याच्या पानावर आम्ही विज्ञानाचं एकही उद्दिष्ट लिहिलं नाही. फक्त एवढंच: ‘वेगळ्या छेदांच्या दोन अपूर्णांकांची वजाबाकी करून उत्तर उलटं करता येणे, दहापैकी नऊ वेळा.’ शुक्रवारी आठ आली. रविवारी पुन्हा बसलो.