एका संगणकावर दोघांनी काम करताना कीबोर्ड आणि माउस कसे वाटून घ्यावेत

एकाच पडद्यासमोर दोघे बसले आणि कीबोर्ड एकच असला, की तो ज्याच्या हातात असतो त्याच्याच विचाराने काम पुढे सरकते. दुसऱ्याला चूक दिसली तरी ‘वरच्या ओळीत, नाही, त्याच्याही वर, कंसाच्या आधी’ असे सांगत बसावे लागते आणि थोड्या वेळाने तो सांगणेच सोडून देतो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे यूएसबीने दुसरा कीबोर्ड आणि दुसरा माउस जोडणे. त्यासाठी सहसा वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. पडदा दोन्ही खुर्च्यांच्या बरोबर मध्ये ठेवावा.

उपकरणे दोन झाली तरी कर्सर एकच राहतो, हे आधीच लक्षात घ्यावे. दोघांनी एकदम माउस हलवला तर तो दोन्हीकडे ओढला जातो आणि दोघांनी एकदम टाइप केले तर अक्षरे एकमेकांत मिसळतात. विंडोजमध्ये एकाने कंट्रोल दाबून धरलेले असताना दुसऱ्याने डब्ल्यू हे अक्षर टाइप केले, तर ब्राउझरचा उघडा टॅब बंद होतो. म्हणून ‘मी घेऊ का?’ असे विचारावे आणि समोरच्याने हात बाजूला घेतल्यावरच सुरुवात करावी. हा नियम वरिष्ठांनी तर कटाक्षाने पाळावा, कारण त्यांनी मध्येच हात घातला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. लिनक्सवर एक्स-ऑर्ग (पडद्यावरचे चित्र, माउस आणि कीबोर्ड सांभाळणारी प्रणाली) असल्यास ‘एक्सइनपुट’ या आदेशाने दुसरा स्वतंत्र कर्सर तयार करता येतो, पण बहुतेक प्रोग्रॅम एकच वापरकर्ता गृहीत धरून लिहिलेले असल्याने रोजच्या कामात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

पाळी कधी बदलायची, हे आधी ठरवावे. जोडीने प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांची एक पद्धत मला घड्याळ लावण्यापेक्षा अधिक पटते: एकाने चाचणी (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) लिहायची, दुसऱ्याने ती यशस्वी होईल असा कोड लिहायचा आणि पुढची चाचणीही त्यानेच लिहायची. यात पाळी कामाच्या ओघातच बदलते.

जोडीदार डावखुरा असेल तर माउसची बटणे उलट करण्याआधी त्याला विचारावे, कारण विंडोजमधील ती सेटिंग दोन्ही माउसना लागू होते. शिकवण्याचे काम असेल, तर कीबोर्ड बहुतांश वेळ शिकणाऱ्याकडेच असावा आणि शिकवणाऱ्याने पडद्यावर बोटाने दाखवावे, मग वेळ दुप्पट लागला तरी चालेल.