चितगावची बलीखेला बघायला जायचं तर

बांगलादेशातला खेळ म्हटला की आधी क्रिकेट. फुटबॉलचा वर्ल्डकप आला की गच्चीगच्चीवर ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. राष्ट्रीय खेळाचा मान हादुदूला, म्हणजे आपल्या कबड्डीला. हे सगळं टीव्हीवर बसल्या जागी बघता येतं. पण तुम्ही कुस्तीशौकीन असाल आणि एप्रिलअखेर चितगावात असाल, तर लालदिघी मैदानावरची जब्बारची बलीखेला चुकवू नका. बली म्हणजे पैलवान. मी कोल्हापूरचा, तालमीच्या मातीत लोळून वाढलेला. पोटापाण्यासाठी इथल्या गारमेंट कारखान्यात आहे. गावाकडचं कुणी आलं की त्याला जे सांगतो, तेच इथं लिहितोय.

तारखेचा घोळ नाही. बारा वैशाखाला कुस्त्या होतात, आणि बांगलादेशाचं बंगाली पंचांग इंग्रजी तारखांना बांधलेलं असल्यानं तो दिवस 25 एप्रिललाच येतो. कोलकात्याच्या कॅलेंडरवर मात्र विसंबू नका, तिथला वैशाख एखादा दिवस मागंपुढं असतो. व्हिसाचं आधीच बघा. ढाक्याहून रेल्वेनं यायचं असेल तर सुवर्ण एक्सप्रेस किंवा सोनार बांग्ला एक्सप्रेस. तिकीट लवकर काढा.

ही कुस्ती 1909 मध्ये अब्दुल जब्बार सौदागर नावाच्या इथल्याच व्यापाऱ्यानं सुरू केली. इंग्रजांशी झुंजायला पोरं अंगापिंडानं तयार व्हावीत, हा हेतू. आपलं खासबाग मैदान 1912 चं. म्हणजे ही त्याच्याहून तीन वर्षांनी थोरली, हे आमच्या पेठेत कुणाला पटत नाही. कोरोनाच्या काळात 2020 आणि 2021 ला खंड पडला, मग पुन्हा सुरू झाली.

आता मुख्य गोष्ट, उभं कुठं राहायचं. खासबागेत आखाडा खाली आणि आपण वर, त्यामुळं कुठूनही बघा, दिसतं. इथं उलटं आहे. मैदानाच्या मधोमध वाळूचा उंच चौथरा करतात आणि माणसं खाली उभी. नवखा माणूस हौसेनं पार कडेला जाऊन चिकटतो, आणि तिथून त्याला पैलवानांचे पाय तेवढे दिसतात. खाली पडलेल्याची पाठ टेकली की नाही ते कडेमुळं कळत नाही. चार-पाच रांगा मागं राहा, जिथून वाळू नजरेच्या पातळीला येईल. त्यासाठी दुपारचं जेवण लवकर उरकून या. कुस्त्या ऊन कलल्यावर लागतात, पण गर्दी त्याच्या बरीच आधी. डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली हवीच. एप्रिलात इथं घामानं कपडे पिळून निघतात. आणि ढग काळे झाले तर कालबैशाखी येते, म्हणजे आपला वळीव, पण वाऱ्याला जोर जास्त. छत्री उघडू नका, मागचे ओरडतील. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

कुस्ती कशी बघायची? गुण मोजू नका. पाठ टेकवली की निकाल, आपल्या मातीतल्यासारखंच. पण आपल्याकडं जोडी आधी ठरते, पत्रकावर इनामाचा आकडा छापून येतो. इथं नावं नोंदवून लोक येतात आणि मग जोड्या लागतात. पहिल्या फेऱ्यांत मिसरूड न फुटलेलं पोरगं असतं, तसे पिकल्या दाढीचे आजोबाही. कुणी हौसेनं, कुणी बाप यायचा म्हणून. या फेऱ्यांना हसू नका, जत्रेतली माणसं त्यांनाच जास्त टाळ्या देतात. खरा कस पुढं चॅलेंजच्या फेरीपासून लागतो, मग उपांत्य, मग अंतिम. ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे सफाईचे डाव शोधत बसलात तर निराश व्हाल. वाळूत पाय रुततो, चपळाई कमी पडते. इथं बघायची ती खडाखडी (हातानं एकमेकांची ताकद अजमावणं), मानेवरची पकड आणि दम. दोघं एकमेकांना तोलत बराच वेळ उभे असतात. आमच्या वस्तादांनी ही थंड कुस्ती म्हणून शिट्टी मारली असती. मला सुरुवातीला तसंच वाटायचं. पण ज्याचा श्वास आधी फुलतो तो हरतो, हे एकदा नजरेत बसलं की छात्या बघायला लागा, हात नाही.

नावं माहीत असली तर गर्दीत ओळखी पटकन होतात. कुमिल्ल्याच्या शाहजलालनं 2023 मध्ये कॉक्सबाजारकडच्या चकरियाच्या जीवनला हरवलं. त्यानंतर 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी कुमिल्ल्याचाच बाघा शरीफ जिंकला. शेजारच्याला एवढंच विचारा, ‘यंदा कुमिल्ला की कॉक्सबाजार?’ मग तुम्हाला बोलायची गरज पडत नाही. बोलतील ते चाटगाँईया बोलीत, ढाक्याची बांगला येणाऱ्यालाही ती झेपत नाही. मान हलवा. आपली हलगी तिथं नाही, ढोल आणि सनई असते. शड्डू ऐकू आला तर मात्र अंगावर काटा येणारच.

कुस्तीला दोन तास पुरतात, जत्रेला नाही. आंदरकिल्ल्यापासून कोतवालीपर्यंत रस्त्यावर दुकानं पसरतात: मातीची मडकी, शीतलपाटीच्या चटया, हातपंखे, वेताच्या टोपल्या आणि ढीगच्या ढीग केरसुण्या. चितगावच्या बायका वर्षाची केरसुणी इथूनच नेतात. घरची मंडळी बरोबर असतील तर त्यांना आखाड्याकडं ओढू नका. तिथं पुरुषांचीच रेटारेटी असते, जत्रेत मात्र सगळा गाव. खरेदीला आदला दिवस बरा, माल ताजा आणि चालायला जागा. पहिला भाव ऐकून निम्म्यावर या, पुढं तुमचं नशीब.

खायचं म्हणाल तर मुरमुरे, बत्तासे रस्त्यावरच मिळतात. चहाबरोबर बेला बिस्किट मागा, ते चितगावचंच. मेजबानी मटणाची तारीफ ऐकाल, पण ते गाईचं असतं. चालत नसेल तर आधीच विचारा, कुणी वाईट मानत नाही.

निकाल लागल्यावर लगेच रिक्षा शोधू नका, मिळणार नाही. रेल्वे स्टेशन पायी जाण्याजोगं आहे, न्यू मार्केटच्या दिशेनं चालत सुटा. रात्रीची गाडी असेल तर केरसुणी आडवी धरू नका, डब्याच्या दारात अडकते.