ग्रँटसाठी अर्ज करताय? मग आधी पैसे संपल्यानंतरचं लिहा

सामाजिक कामासाठी ग्रँटचा, म्हणजे अनुदानाचा, अर्ज करायचा म्हटलं की बहुतेक जण सरळ फॉर्म उघडतात आणि पहिल्या रकान्यापासून भरायला घेतात. मीपण बरीच वर्षं तेच करायचे. आता कोणी विचारलं तर सांगते की फॉर्म बंद कर, एक कोरा कागद घे आणि त्यावर लिही की फंडरचा, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेचा, शेवटचा हप्ता खर्च झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काय चालू असेल, कोण काम करत असेल, त्याला पगार कोण देत असेल आणि काही मोडलं तर दुरुस्त कोण करेल. एवढं एक पान नीट लिहिता आलं की अर्धं प्रपोजल झालंच म्हणून समजा, आणि नाही लिहिता आलं तर अजून अर्ज करायची वेळ आलेली नाही.

हे मी ठेच लागून शिकले. आमच्या एका पाण्याच्या प्रोजेक्टमध्ये हातपंप बसवले, फोटो काढले, रिपोर्ट गेला, फंडर खूश. चौदा महिन्यांनी एक पंप बंद पडला, आतलं वायसर झिजलं होतं, म्हणजे तळहाताएवढीसुद्धा नसलेली एक वस्तू. पण बजेटमध्ये दुरुस्तीची ओळच नव्हती, गावात ते खोलायचं पान्याचं किट नव्हतं आणि ते काम शिकलेला माणूस नव्हता. बायका परत जुन्या लांबच्या पाण्यावर जायला लागल्या. ते बघितल्यापासून मी कुठल्याही प्रपोजलमध्ये आधी दुरुस्तीची ओळ शोधते.

आता ग्रँट म्हणजे नेमकं काय तर परत न करायचा पैसा, पण अटींचा पैसा. तो येतो कुठून हे कळलं तर अर्ज करणं सोपं जातं. पैसे देणाऱ्या काही मोठ्या संस्था बघा: रॉकफेलर फाउंडेशन १९१३ चं, फोर्ड फाउंडेशन आणि ब्रिटनमधला वेलकम ट्रस्ट दोन्ही १९३६ चे, गेट्स फाउंडेशन २००० चं. अशा बहुतेक मोठ्या संस्थांकडे एक मूळ भांडवल असतं, ते गुंतवलेलं असतं आणि त्याच्या जोरावर दरवर्षी ग्रँट दिल्या जातात. अमेरिकेत १९६९ च्या कायद्यापासून खाजगी फाउंडेशनांना दरवर्षी एक किमान रक्कम वाटावीच लागते, सध्याचा हिशोब ढोबळमानाने मालमत्तेच्या ५ टक्के असा आहे. म्हणजे एखाद्याकडे अब्जावधी डॉलर दिसले तरी त्या वर्षी वाटायला त्यातला थोडाच भाग असतो, आणि त्यातलाही बराचसा आधीच कबूल केलेल्या तीन-चार वर्षांच्या ग्रँटमध्ये अडकलेला असतो. त्यामुळे नकार आला की लगेच "आपलं काम त्यांना आवडलं नाही" असं मनाला लावून घेऊ नका, कित्येकदा त्या वर्षी पैसाच शिल्लक नसतो.

फंडर निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ देते, लिहिण्यापेक्षाही जास्त. वेबसाइटवर सगळेच "बदल घडवणाऱ्यांच्या पाठीशी" असतात, त्यावरून काही कळत नाही. पैसा प्रत्यक्षात कुणाला गेला ते बघायचं. अमेरिकन खाजगी फाउंडेशनांना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो कोणालाही बघता येतो, त्यात कोणत्या संस्थेला किती रक्कम दिली त्याची यादीच असते. आणि त्याच फॉर्ममध्ये एक छोटा चौकोन असतो ज्यावर खूण असेल तर त्याचा अर्थ हे फाउंडेशन फक्त स्वतः आधीच ठरवलेल्या संस्थांना पैसे देतं, न मागवलेले अर्ज घेतच नाही. हा चौकोन आधी बघा!! लोक महिनाभर राबून प्रपोजल पाठवतात आणि तिथे ते उघडलंही जाणार नसतं. ब्रिटनमधल्या बऱ्याच फंडरांची माहिती ३६०गिव्हिंग या वेबसाइटवर मिळते, कँडिड या वेबसाइटवर जगभरातल्या ग्रँट शोधता येतात. मागच्या तीन वर्षांच्या याद्या काढा आणि बघा की सगळ्यात लहान ग्रँट केवढी होती, पहिल्यांदाच मिळालेली नवी नावं किती आहेत, तुमच्या विषयात आणि तुमच्या भागात त्यांनी आधी काही दिलंय का. यादीत सगळ्या मोठ्या युनिव्हर्सिट्याच असतील तर चार माणसांच्या संस्थेने तिथे वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान संस्थांनी लहान दारं ठोठवावीत. पर्यावरणासाठी जीईएफचा (ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी या आंतरराष्ट्रीय निधीचा) स्मॉल ग्रँट्स प्रोग्राम १९९२ पासून आहे, तो मुख्यतः युएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेमार्फत चालतो आणि गावपातळीवरच्या संस्थांसाठीच आहे (हा पैसा सरकारांचा असतो, पण अर्ज करणाऱ्याला त्याने फरक पडत नाही). एखादी दुर्मिळ प्रजाती वाचवायचं काम असेल तर मोहम्मद बिन झायेद स्पीशीज कन्झर्व्हेशन फंड २५,००० डॉलरपर्यंत देतो. रफर्ड फाउंडेशन तरुण संवर्धकांना टप्प्याटप्प्याने देतं, पहिली ग्रँट नीट पार पाडली की दुसरीचा मार्ग मोकळा होतो. आणि ग्लोबल ग्रीनग्रँट्स फंडसारखे काही जण अर्ज मागवतच नाहीत, त्यांचे त्या त्या भागातले सल्लागार संस्था सुचवतात, तिथे अर्जापेक्षा तुमचं काम आजूबाजूच्या लोकांना माहीत असणं महत्त्वाचं.

याबाबतीत मला एक गोष्ट खूप टोचते. जगभरातल्या एकूण दानातला २ टक्क्यांहून कमी पैसा हवामान बदल रोखायच्या कामाला जातो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत सरकारं आणि फाउंडेशनं मिळून आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या जंगल-जमीन हक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर द्यायचं जाहीर झालं, आणि पहिल्या वर्षीच्या त्यांच्याच रिपोर्टात दिसलं की त्या वर्षी वाटलेल्या पैशातले थेट त्या समुदायांच्या संस्थांपर्यंत फक्त ७ टक्के पोचले, बाकी बहुतेक मधल्या संस्था आणि सरकारांमार्फत फिरत गेले. म्हणून मी म्हणते की इंग्रजी सफाईदार नाही, ऑफिस मोठं नाही म्हणून मागे राहू नका, जंगल राखणाऱ्यांनीच अर्ज केले पाहिजेत आणि फंडरला तोंडावर विचारलं पाहिजे की थेट द्यायला नेमकी अडचण काय आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणी, मागच्या वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब, संस्थेच्या नावाचं बँक खातं, आणि बाहेरच्या देशातून पैसा येणार असेल तर त्याबाबतचा तुमच्या देशाचा कायदा, हे अर्जाच्या आधी तपासा. नोंदणी नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली अर्ज करता येतो का ते बघा, बऱ्याच फंडरांना ते चालतं.

मग कॉन्सेप्ट नोट, म्हणजे कामाची कल्पना थोडक्यात मांडणारं टिपण, दोन-तीन पानांचं. इथे सगळ्यात जास्त घोळ भाषेचा होतो. "समाजात जनजागृती निर्माण करून पर्यावरण संवर्धनाला चालना देणे" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. त्याऐवजी समजा असं लिहिलं: "या ओढ्याच्या काठच्या ६० शेतकऱ्यांपैकी ४० जण दोन वर्षांत काठापासून दहा पावलं जागा मोकळी सोडून तिथे स्थानिक झाडं वाढवतील, रोपं गावातल्या बायकांचा गट तयार करेल आणि दर पावसाळ्यानंतर आम्ही जगलेली झाडं मोजू." आता कोण, कुठे, किती, कधी सगळं दिसतं.

आणि त्यातला "जगलेली" हा शब्द मुद्दाम आहे. केनियात वंगारी मथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली तेव्हा बायकांना रोपामागे थोडे पैसे दिले जायचे, पण लावलेल्या रोपासाठी नाही, जगलेल्या रोपासाठी. एवढ्या एका अटीने सगळं बदलतं बघा, खड्डा खणून फोटो काढून निघून जायची सोयच राहत नाही, पाणी घालावं लागतं, शेळ्यांपासून राखावं लागतं. तुमच्या प्रपोजलमधला आकडा असा आहे का ते तपासा. किती ट्रेनिंग घेतली याला अर्थ नाही, सहा महिन्यांनी ते शिकलेलं किती जण वापरतायत ते मोजा.

उलटं उदाहरण पण माहीत असू द्या. आफ्रिकेत प्लेपंप नावाची कल्पना आली होती, मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्याने पाणी वर टाकीत चढायचं. ऐकायला इतकं गोड की २००६ मध्ये कोट्यवधी डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४,००० पंपांचं लक्ष्य ठरलं. प्रत्यक्षात मुलं दिवसभर थोडीच खेळणार, मग ते जड चक्र बायकांनाच फिरवावं लागलं, काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून हे बसवलेलं आणि बिघडलं की दुरुस्तीला महिनोन्महिने कोणी यायचं नाही. शेवटी पैसे देणाऱ्यांनीच उघडपणे मान्य केलं की हे जमलं नाही, आणि तसं मान्य केलं याचं मला कौतुक वाटतं. पण पाणी जिला भरायचं होतं त्या बाईला बसवण्याआधी विचारलं असतं तर तिने एका दिवसात सांगितलं असतं.

बजेटकडे येऊ. प्रोजेक्टचा खर्च सगळे लिहितात पण अकाउंटंटचा पगार, भाडं, वीज, ऑडिटची फी हे लिहायला लाजतात, "फंडरला आवडणार नाही" म्हणून. मग ते पैसे कुठून आणणार? कार्यकर्ते अर्ध्या पगारात राबतात आणि दोन वर्षांत सोडून जातात, त्यांच्याबरोबर सगळा अनुभव जातो. फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये आपल्या प्रोजेक्ट ग्रँटमधलं अशा आडखर्चाचं प्रमाण १० वरून २० टक्के केलं कारण त्यांनाही कळलं होतं की खरा खर्च जास्त असतो. अमेरिकेतल्या अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉट तर बिनअटीच मोठ्या रकमा देतात, अमेरिकेतल्या संस्थांसाठी २०२३ मध्ये त्यांनी खुले अर्ज मागवले तेव्हा ६,००० हून जास्त आले आणि २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले. असे फंडर कमी आहेत, पण खरा खर्च मागणं हा भिकेचा विषय नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. फंडरची टक्केवारीची मर्यादा असेल तर ती पूर्ण वापरा, आणि जो खर्च थेट प्रोजेक्टचाच आहे तो प्रोजेक्टच्या ओळीत दाखवा. दुरुस्तीची ओळ विसरू नका!

आणि देखभालीचा वाटा कोण उचलणार ते लेखी घ्या. ही काही नवी कल्पना नाही, अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी जगभरात अडीच हजारांवर लायब्रऱ्या बांधायला पैसे दिले तेव्हा साधारण अट अशी असायची की गावाने जागा द्यायची आणि बांधकामाला दिलेल्या रकमेच्या १० टक्के दरवर्षी स्वतःच्या करातून चालवायला खर्च करायचे. पुस्तकं आणि पगार गावाच्या अंगावर. काही गावांनी या अटीमुळेच पैसे नाकारले, पण ज्यांनी घेतले त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे आपल्याला चालवायचंय.

मुदतीबद्दल खोटं आश्वासन देऊ नका. नारूचं, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या कृमीच्या रोगाचं, उदाहरण घ्या. १९८६ मध्ये कार्टर सेंटर या अमेरिकन संस्थेने तो संपवायचं काम हातात घेतलं तेव्हा वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू व्हायचा, २०२३ मध्ये जगात माणसांमध्ये १४ केस उरल्या. ना लस, ना औषध, पाणी कापडाने गाळून प्यायचं आणि गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन केस शोधायच्या, पण त्याला जवळजवळ चार दशकं लागली आणि तेवढा काळ कोणीतरी पैसे देत राहिलं. तुमचं काम दहा वर्षांचं असेल तर तसं लिहा आणि त्यातली पहिली दोन वर्षं या ग्रँटमध्ये बसवा.

ग्रँट मिळाली की प्रोग्राम ऑफिसरशी, म्हणजे फंडरकडे तुमची ग्रँट बघणाऱ्या माणसाशी, बोलणं चालू ठेवा. पाऊस आला नाही, माणूस सोडून गेला, किंमती वाढल्या, जे काही झालं ते त्याच महिन्यात कळवा आणि बजेट बदलायची परवानगी लेखी घ्या, वर्षअखेरच्या रिपोर्टात लपवून टाकलेली वाईट बातमी ऑडिटमध्ये सापडतेच. नकार आला तर दोन ओळींचा मेल करून कारण विचारा, सगळे सांगत नाहीत पण जे सांगतात त्यांचं उत्तर पुढच्या अर्जाला उपयोगी पडतं.

पाठवायच्या आधीचं शेवटचं काम. ज्यांच्यासाठी हे सगळं आहे त्यांच्यापैकी चार जणांना बसवून प्रपोजल त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा, बजेटसकट. एकदा मी वाचत असताना एक आजी मध्येच म्हणाल्या, "रोपं जूनमध्ये देणार म्हणतेस, पण तेव्हा आम्ही पेरणीत असतो, लावणार कोण?" आख्खं वेळापत्रक दीड महिना पुढे सरकवलं. ते बदल करायला वेळ हवा म्हणून हे वाचन डेडलाइनच्या निदान आठवडाभर आधी ठेवा, आणि फॉर्म दोन दिवस आधी सबमिट करा, शेवटच्या तासाला पोर्टल हमखास अडकतं.