डेंड्रायटिक पेशी सहनशील झाली का, हे टी पेशीलाच विचारा

मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींपासून डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी पेशींना अँटिजेन (त्या ओळखतात तो रेणू) दाखवणाऱ्या पेशी, वाढवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. सालुस्तो आणि लांझावेक्किया यांनी १९९४ मध्ये दिलेली कृती आजही जवळपास तशीच चालते: रक्तातले मोनोसाइट, त्यात जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही पेशींना वळण देणारी प्रथिनं, आणि साधारण सहा दिवस. खरी कसोटी लागते ती या पेशी टी पेशींना सहनशीलता, म्हणजे एखाद्या अँटिजेनवर हल्ला न करणं, शिकवतात हे सिद्ध करताना. पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये नवे विद्यार्थी फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरचे रेणू मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, सीडी८६ कमी आलंय, पेशी टॉलरोजेनिक झाल्या." मी त्यांना पुढच्या प्रयोगाला लावते. सीडी८६ हा टी पेशीला चेतवणारा रेणू कमी, याचा अर्थ पेशी शांत आहे, टॉलरोजेनिक म्हणजे सहनशीलता शिकवणारी झाली असा नाही. तिच्या संगतीत राहून टी पेशी काय शिकली, हे त्या आलेखात दिसत नाही. हा मजकूर त्या विद्यार्थ्यांसाठीच आहे.

हा फरक का महत्त्वाचा, ते स्टाइनमन आणि नुसेन्झवाइग यांच्या गटानं २००१ मध्ये उंदरांवर दाखवलं. त्यांनी डीईसी-२०५ या रेणूला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर अँटिजेन बसवून ते थेट डेंड्रायटिक पेशींपर्यंत पोचवलं. सोबत धोक्याचा काही इशारा नव्हता. टी पेशी आधी विभागल्या, पण पुढे बहुतेक नाहीशा झाल्या आणि उरलेल्या त्याच अँटिजेनला दाद देईनात. तेच अँटिजेन सीडी४० हा पेशीला जागवणारा रेणू चेतवणाऱ्या अँटिबॉडीबरोबर दिलं, तेव्हा मात्र टिकाऊ प्रतिसाद आला. म्हणजे सुरुवातीला टी पेशी विभागल्या हे पाहून "प्रतिकारशक्ती जागी झाली" असं म्हणता येत नाही. उत्तर दुसऱ्या भेटीत, म्हणजे तेच अँटिजेन पुन्हा समोर आल्यावर, कळतं.

आता कामाला लागू. बफी कोट, म्हणजे दात्याच्या रक्तातला पांढऱ्या पेशींचा भाग, शक्यतो आला त्याच दिवशी वापरा. नीतिसमितीची मंजुरी आणि दात्याची संमती आधीच फाइलमध्ये असली पाहिजे. रक्त पीबीएस या क्षारद्रावणात पातळ करून फायकॉल या जड द्रवावर अलगद सोडा, ४०० जी वर ३० मिनिटं फिरवा आणि ब्रेक बंद ठेवा. मधला पांढुरका थर उचलून धुवा. शेवटची धुलाई २०० जी वर, म्हणजे प्लेटलेट वर राहतात. मग सीडी१४ या मोनोसाइटवरच्या रेणूला चिकटणाऱ्या चुंबकीय मण्यांनी मोनोसाइट वेगळे करा. उरलेला सीडी१४ नसलेला भाग फेकू नका, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवा. त्याच दात्याच्या टी पेशी पुढे लागणार आहेत.

आरपीएमआय माध्यमात १० टक्के सीरम, जीएम-सीएसएफ मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आणि आयएल-४ २० ते ५० नॅनोग्रॅम. तिसऱ्या दिवशी निम्मं माध्यम बदला आणि त्याच वेळी प्लेटच्या निम्म्या विहिरींत (खळग्यांत) डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं स्टेरॉइड १ मायक्रोमोलर घाला. उरलेल्यांत तेवढंच नुसतं द्रावक. डेक्सामेथासोन पहिल्या दिवसापासून घातलं तर मोनोसाइट मॅक्रोफेजच्या वाटेला लागतात, सीडी१४ उतरत नाही आणि सीडी१ए ही डेंड्रायटिक पेशीची खूण येत नाही. व्हिटॅमिन डी वापरायचं असेल तर सक्रिय रूप, म्हणजे १,२५-डायहायड्रॉक्सी, १०० नॅनोमोलर, उजेडापासून जपून.

एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या भिंतीतलं एलपीएस, याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते, कारण इथे दाखवलेली ढिलाई पुढचं सगळं काम मातीमोल करते. सीरम, पाणी, जिवाणूंमध्ये तयार केलेली प्रथिनं, यांतून एलपीएसचा अंश सहज आत येतो आणि तेवढ्यावर डेंड्रायटिक पेशी पक्व होते, म्हणजे टी पेशींना चेतवायला सज्ज होते. प्रत्येक नव्या बाटलीची एंडोटॉक्सिन शोधणारी लिम्युलस चाचणी करा. काहीच न घातलेल्या विहिरीत सीडी८३ ही पक्वतेची खूण वर गेलेली दिसली तर तो बॅच तिथेच थांबवा. नुसतं पॉलिमिक्सिन बी घालून भागवू नका: ते एलपीएसला बांधतं, बाकीच्या घाणीला नाही. पावसाळ्यात इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडेही रोज लक्ष असू द्या. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी फार लवकर धरते.

सहाव्या दिवशी पेशी तीनदा धुवा. डेक्सामेथासोन स्वतःच टी पेशींना दाबतं, त्यामुळे ते मागे राहिलं तर तुम्ही औषध मोजाल, पेशी नाही. धुतल्यावर औषधाशिवाय २४ तास एलपीएस द्या, मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम. शरीरात परत सोडलेल्या पेशीला असाच दाह भेटणार असतो. त्यानंतरही दाह वाढवणारं आयएल-१२ कमी आणि दाह शमवणारं आयएल-१० जास्त राहिलं, तर तिचा स्वभाव टिकला असं समजा. न्यूकॅसलच्या संशोधकांनी सांधेदाहाच्या रुग्णांच्या गुडघ्यात त्यांच्याच सहनशील पेशी टोचण्याची जी छोटी चाचणी केली, तिच्यातही डेक्सामेथासोन आणि व्हिटॅमिन डी वापरलं होतं.

आता खरा प्रश्न विचारायचा. एका दात्याच्या या पेशी दुसऱ्या दात्याच्या नाइव्ह (अजून अँटिजेन न भेटलेल्या) सीडी४ टी पेशींबरोबर १ ला १० या प्रमाणात सहा दिवस ठेवा. मग टी पेशी वेगळ्या करा, त्यांना जगवणाऱ्या थोड्या आयएल-२ मध्ये तीन-चार दिवस विसावू द्या, आणि पहिल्याच दात्याच्या, पण पूर्ण पक्व, डेंड्रायटिक पेशी त्यांच्यासमोर आणा. विभाजन आणि इंटरफेरॉन गॅमा हे चेतलेल्या टी पेशींचं प्रथिन मोजा. शेजारच्या विहिरींत तिसऱ्याच दात्याच्या पक्व पेशी ठेवा. पहिल्या दात्याला प्रतिसाद थंड आणि तिसऱ्याला सणसणीत, असं आलं तर शिकवण नेमकी आहे. दोन्हीकडे थंड आला तर टी पेशी नुसत्या थकल्या किंवा मेल्या असतील. फॉक्सपी३ हे नियामक टी पेशींची खूण मानलं जाणारं प्रथिन बघायचं तर जपून बघा; माणसाच्या टी पेशी नुसत्या चेतल्या तरी ते काही काळ वर जातं.

संसर्गाचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण क्षयाचा जिवाणू हीच यंत्रणा स्वतःसाठी राबवतो. त्याच्या भिंतीवरचं मॅनलॅम, म्हणजे मॅनोज साखरेच्या टोप्या असलेला लॅम हा रेणू, डेंड्रायटिक पेशीच्या डीसी-साइन या ग्राही रेणूला चिकटतं, पक्व होणं अडवतं आणि आयएल-१० वाढवतं; २००३ मध्ये हे प्रयोगशाळेत दिसलं. जिवंत क्षयजिवाणू साध्या हूडखाली उघडायचा नाही, त्याला बीएसएल-३ दर्जाची बंदिस्त प्रयोगशाळा लागते. शुद्ध मॅनलॅम घ्या, एलपीएसबरोबर द्या, आणि तुलनेला त्याच कुळातल्या स्मेग्मॅटिस जातीच्या जिवाणूचं लॅम ठेवा, ज्यावर मॅनोजच्या टोप्या नसतात.

पण इथेही आयएल-१० वाढलं म्हणून थांबायचं नाही. आपल्याकडे जन्मतः बीसीजी देतात, त्यामुळे बहुतेक दात्यांच्या टी पेशी पीपीडी, म्हणजे क्षयजिवाणूच्या प्रथिनांचं मिश्रण, ओळखतात. गोठवून ठेवलेल्या टी पेशी बाहेर काढा. मॅनलॅम भेटलेल्या त्याच दात्याच्या डेंड्रायटिक पेशींवर पीपीडी चढवून पहिली भेट घडवा, मग विश्रांती, मग ताज्या पक्व पेशींवर एकदा पीपीडी आणि एकदा धनुर्वाताचं टॉक्सॉइड देऊन दुसरी. फक्त पीपीडीचा प्रतिसाद पडला आणि धनुर्वाताचा टिकला, तरच निष्कर्षात सहनशीलता हा शब्द लिहा. दोन्ही पडले तर आधी जिवंत पेशींचं प्रमाण तपासा आणि दुसऱ्या दात्यावर सगळं पुन्हा करा.