मिऱ्या बंदराची आवक कधी दिसते, कधी गायब: जॉइन आणि इंडेक्समधला घोळ कसा पकडावा

मच्छीमार संस्थेची आवक पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंदवली जाते. नवी नोंद पडलेली नसतानाही तीच क्वेरी दोनदा वेगळी बेरीज देत असेल, तर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची क्रमवार सूची) लगेच पाडून नवा बांधू नका. पुरावाच जातो.

आधी रिपीटेबल रीड आयसोलेशनवर ट्रान्झॅक्शन उघडा, म्हणजे मधल्या नोंदी आड येणार नाहीत. क्वेरीचा काउंट घ्या, एक्सप्लेन (डेटाबेसने आखलेला क्वेरीचा प्लॅन) बघा. मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एनेबल_इंडेक्सस्कॅन, एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल_बिटमॅपस्कॅन या तिन्ही सेटिंग ऑफ करून, म्हणजे इंडेक्स न वापरता, पुन्हा काउंट घ्या. एक्सप्लेनमध्ये आता सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल ओळीने वाचणं) दिसायला हवा.

आकडे जुळले नाहीत तर संशय इंडेक्सवर. हे बहुतेकदा ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर होतं. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत (२०१८) मजकुराचा क्रम बदलला. इंडेक्स मात्र जुन्याच क्रमाने लावलेला राहतो आणि शोध चुकीच्या पानावर जातो. रेप्लिका (मूळ म्हणजे प्रायमरी डेटाबेसची चालती प्रत) वेगळ्या लिनक्सवर असेल तर प्रायमरी बरोबर आणि रेप्लिका चूक, असंही होतं. इंडेक्स तपासणाऱ्या अ‍ॅमचेक एक्स्टेन्शनच्या बीटी_इंडेक्स_चेकला दुसरा पॅरामीटर ट्रू देऊन खात्री करा, मग रीइंडेक्स कॉन्करन्टली (पोस्टग्रेस १२ पासून) चालवून, काम न थांबवता इंडेक्स नव्याने बांधा. युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा चालू न देणारा) असेल तर दुबार नोंदी आधी काढा, नाहीतर तो बांधलाच जाणार नाही. सगळेच इंडेक्स बांधायचे असतील तर पावसाळी मासेमारीबंदीचा काळ उत्तम.

आकडे जुळले, तर इंडेक्सला दोष देऊ नका. डेटा बघा. बंदराच्या नावावर जॉइन (दोन टेबलांची जोडणी) असेल तर आपल्याकडे हमखास नडतो तो ऱ. ‘मिऱ्या’ तीन प्रकारे टाइप होतं: अख्खा ऱ, र खाली नुक्ता (टिंब), किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर फरक कळत नाही, पण कॅरेक्टर लेंग्थ पहिल्याची ६, बाकी दोघांची ७. नॉर्मलाइझ हे फंक्शन (पोस्टग्रेस १३ पासून) नुक्त्याचा ऱ सरळ करतं; जॉइनरवाला तसाच राहतो, तो रिप्लेसनेच बदलावा लागतो. कायमचा उपाय एकच: जॉइन नावावर नको, बंदराच्या अंकी कोडवर करा.

बेरीज बरोबर दुप्पट येत असेल तर परवान्याचं टेबल तपासा. नूतनीकरणानंतर एका बोटीच्या दोन ओळी राहिल्या की १२० किलो बांगडा २४० होतो. इथे सम डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणारी बेरीज) वापरू नका. दोन बोटींनी प्रत्येकी ४० किलोच आणलं असेल तर त्यातलं एक खरं वजन गळतं. चालू परवान्याची अट जॉइनच्या ऑनमध्ये घाला. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा) असताना तीच अट व्हेअरमध्ये टाकली, तर बिनपरवान्याच्या बोटी यादीतून गुपचूप निघून जातात.

फक्त पहिल्या १० ओळी बदलत असतील तर ऑर्डर बायमध्ये तारखेनंतर नोंद क्रमांक जोडा. एकाच तारखेच्या ओळींचा क्रम डेटाबेस ठरवून देत नाही. प्लॅन बदलला की तोही बदलतो.