बडतर्फ अधिकाऱ्याची अवकाशकथा रचताना

बदनाम फौजी अधिकारी नायक घ्यायचा ठरला की आधी त्याचं दुःख लिहू नका, आरोपपत्र लिहा. कोणता हुकूम, कोणी दिला, किती वाजता पोचला आणि त्यानंतर त्याने काय केलं, हे चार ओळींत उतरलं पाहिजे. ते नसेल तर कथा उसाशांनीच भरते.

कायद्याचा सांगाडा आपल्याकडे तयार आहे. 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम 41 कायदेशीर हुकूम मोडण्याबद्दल आहे. सक्रिय सेवेत, म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर असताना त्याला 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 34 शत्रूसमोर केलेल्या गुन्ह्यांचं, तिथे मृत्युदंडापर्यंत मजल जाते. कलम 45 अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाचं. यातलं एकच निवडा, कारण कलमानुसार बदनामीचा रंग बदलतो. हुकूम मोडणाऱ्याला गाव अजून वर मान करून बघू देतं, चौकी सोडून पळालेल्याला नाही.

इथे नेहमी होणाऱ्या चुका दोन. अधिकाऱ्यावर समरी किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल, म्हणजे खालच्या पायरीचं लष्करी न्यायालय, चालत नाही. जनरल कोर्ट मार्शल लागतं, त्यात किमान पाच अधिकारी, किंवा सक्रिय सेवेत समरी जनरल कोर्ट मार्शल, त्यात किमान तीन. दूरच्या तळावर पाच अधिकारी जमवणं अवघड, म्हणून कथेला हे तिघांचं कोर्ट सोयीचं. दुसरी चूक म्हणजे कर्नलला शिपाई करणं. अशी पदावनती अधिकाऱ्याला देताच येत नाही. त्याला कॅशियर करतात, म्हणजे मानहानीसह सेवेतून काढतात, किंवा नुसतं डिसमिस करतात, आणि कॅशियर होणं जास्त नामुष्कीचं. निकाल लागला तरी वरून कन्फर्मेशन येईपर्यंत तो पक्का नसतो. हे मधले दिवस कथेत सोडू नका: माणूस दोषी ठरलाय, पण अजून गणवेशात आहे. तुमचं अवकाशदल नौदलाच्या धर्तीवर असेल तर 1957 चा नौदल कायदा वेगळा आहे. दोन्हींची सरमिसळ नको.

आता गाभा. हुकूम मोडण्याचं कारण पात्राच्या तापट स्वभावात शोधू नका, अंतरात शोधा. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. पृथ्वी ते मंगळ निरोपाला एका बाजूने साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात, आणि ती कोणत्याही तंत्राने कमी होत नाहीत. कागदावर तीन रकाने आखा: घटना, मुख्यालयाला कळलं, हुकूम परत पोचला.

समजा मुख्यालय आणि यान यांत 18 कोटी किलोमीटर आहेत, म्हणजे निरोपाला 10 मिनिटं. 4:00 वाजता यानाला शत्रू दिसतो. मुख्यालयाला ते 4:10 ला कळतं. पाच मिनिटं विचार, 4:15 ला हुकूम निघतो: जागा सोडू नका. तो 4:25 ला पोचतो. सेकंदाला 30 किलोमीटर वेगाचा शत्रू तेवढ्यात 45,000 किलोमीटर सरकलेला असतो.

आपल्या अधिकाऱ्याने 4:20 ला इंजिन पेटवलं आणि पाच मिनिटांत वेग सेकंदाला 2 किलोमीटरने वाढवला. त्यासाठी जेमतेम 0.7 जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या 0.7 पट त्वरण लागतं, माणसं सहज सोसतात. टाकीतल्या इंधनात एकूण सेकंदाला 5 किलोमीटरचा वेगबदल होता, उरला 3. अवकाशात ब्रेक नसतो. थांबायचं तर उलट दिशेने पुन्हा 2 खर्च. मग शिल्लक 1, आणि घरी परतायला हवा 1.5. म्हणजे 4:25 ला हुकूम पाळणं शक्य आहे, पण पाळला तर कोणी परत येत नाही. खटला याच जागेवर उभा करा. 4:20 ची कृती हुकूम येण्याआधीची आहे, तिच्यावर कलम 41 लागत नाही. कोर्ट विचारेल ते एवढंच: 4:25 नंतर तुम्ही काय केलंत? उत्तर इंधनाच्या नोंदवहीत असेल, भाषणात नको.

दुसरा साक्षीदार म्हणजे उष्णता. निर्वातात वारा नाही, उष्णता फक्त प्रारणाने जाते. 27 अंश सेल्सियसला एक चौरस मीटर आदर्श पत्रा एका बाजूने सुमारे 460 वॅट बाहेर टाकतो. 327 अंशांना तोच सोळापट. म्हणून अणुभट्टीच्या यानाला मोठे, तापलेले पंखे लागतात, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे पंखांसारखे पत्रे. गोळीबारात ते मिटले तर वाचतात, पण आतली माणसं शिजू लागतात. शीतकाचं, म्हणजे यान थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान दर मिनिटाला नोंदलेलं दाखवा. तापलेला पंखा दुरून चमकतो, त्यामुळे ‘लपून बसलेलं यान’ शक्यतो टाळा.

मग नायकाचं गाव, समजा साताऱ्याकडचं. घराघरातून सैनिक देणारी अपशिंगे मिलिटरीसारखी गावं या जिल्ह्यात आहेत, साताऱ्यात 1961 पासून सैनिक स्कूल आहे. अशा मातीत बडतर्फी घरापुरती राहत नाही. पण खऱ्या गावात बदनाम माणूस बसवू नका, शेजारचं काल्पनिक गाव घ्या. गावात तोंडावर कोणी बोलत नाही. बारीक गोष्टी बदलतात. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेला माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे स्वस्त सामानाच्या लष्करी कॅन्टीनचं कार्ड नाही आणि पेन्शनही सहसा जाते. महिन्याला सामान आणायला जीप निघते तेव्हा शेजारचा रिटायर्ड हवालदार दारात येऊन, चपला न काढता विचारतो, “सायेब, आमच्या कार्डावर काय आणू का?” हा प्रसंग शिव्यांपेक्षा जास्त लागतो, कारण तो माणूस मनापासून विचारतोय. नायकाला काही तरी मागायला लावा: एक साबण, दाढीचं ब्लेड. नकार देऊ देऊ नका.

मानाने परत आणायचं असेल तर शेवटच्या लढाईतल्या पराक्रमावर भागवू नका. पराक्रमाने निकाल रद्द होत नाही. निकालाविरुद्ध आर्मी ॲक्टच्या कलम 164 खालचा अर्ज आहे, 2007 च्या कायद्याने आलेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत बसतं. तिथे नव्याने सापडलेली इंधनाची नोंदवही उघडा. लिहून झाल्यावर कथा एखाद्या निवृत्त सुभेदार साहेबांना वाचायला द्या, आणि तीन रकान्यांची बेरीज दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. दहा मिनिटांची चूक झाली तर खटल्याचा निकालच बदलतो.