जिताडा पाळताय? या चुका टाळा

तळ्यात सोडलेली जिताड्याची, म्हणजे खाडीतल्या या शिकारी माशाची, पिल्लं महिन्याभरात निम्मी होतात. काठावर मेलेला मासा एकही नाही. पहिला संशय जातो बगळ्यांवर, मग पाणसापांवर, शेवटी चोरावर. त्याआधी जाळं टाकून उरलेली पिल्लं शेजारी शेजारी ठेवून बघा. काही बोटाएवढी असतील, काही त्यांच्या दुप्पट. दुप्पट झालेली कशावर वाढली, ते वेगळं सांगायला नको.

जिताडा स्वतःच्या भावंडांनाच खातो. लहान वयात तर तो आपल्या लांबीच्या साधारण ६० टक्के लांबीचा मासा गिळू शकतो. म्हणजे १० सेंमीच्या पिल्लाला ६ सेंमीचं पिल्लू हे भक्ष्यच. म्हणून पिल्लं साधारण १५ सेंमीची होईपर्यंत दर आठवड्याला प्रतवारी करायची आणि मापाप्रमाणे वेगळी ठेवायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर सगळ्यांत महाग पडतं. दिवसातून अनेकदा खाद्य द्या, कारण भुकेली पिल्लं एकमेकांवर लवकर उठतात. संख्या घटली म्हणून त्याच तळ्यात नवी छोटी पिल्लं सोडण्याची चूक तर हमखास होते. ती भर पडत नाही, तो आतल्या मोठ्यांचा खुराक होतो.

खाद्य टाकूनही मासे वाढत नसतील तर ते कुठे जातंय ते पाहा. जिताडा हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो, तळाशी पडलेलं सहसा उचलत नाही. भराभर ओतलेलं खाद्य तळाला जाऊन कुजतं आणि पाणीही खराब करतं. तरंगणारं किंवा सावकाश बुडणारं खाद्य थोडं थोडं टाका आणि झडपा थांबल्या की हात आवरा. पाणी २० अंश सेल्सिअसखाली गेलं तर भूकच मंदावते, तेव्हा खाद्य वाढवण्यात अर्थ नाही.

‘हा मासा गोड्या पाण्यातही जगतो, मग पाण्याची चिंता कशाला?’ हे अर्धंच खरं. जगतो, पण पिल्लं खाऱ्या पाण्यातून थेट गोड्यात टाकली तर दगावतात. खारटपणा टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. आणि गोड्या तळ्यात कितीही वर्षं ठेवला तरी तिथे तो वीण करणार नाही. वीण होते ती खाडीच्या मुखाशी, जवळजवळ समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात, बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. एक मिलिमीटरपेक्षाही लहान अंडी उष्ण पाण्यात एका दिवसाच्या आत फुटतात. भरतीबरोबर पिल्लं कांदळवनाच्या आडोशाला येतात, पुढे काही नदीत वर चढतात आणि वाढल्यावर विणीसाठी परत खाली उतरतात. मधली वाट बंधाऱ्याने अडली की ही साखळी तुटते.

याहून खोल गैरसमज नर-मादीबद्दल आहे. प्रजननासाठी एकाच वयाचे, एकाच मापाचे, तजेलदार मासे निवडले आणि अंडीच मिळाली नाहीत, तर अंडी सुटावीत म्हणून दिलेल्या औषधाला दोष देण्याआधी हे तपासा: ते सगळेच नर असू शकतात. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात आणि काही वर्षांनी त्यांच्याच मादी होतात. उत्तर ऑस्ट्रेलियात हा बदल बहुधा ८० ते १०० सेंमी लांबीच्या सुमारास दिसतो. दुसरीकडे माप वेगळं असू शकतं. काही मासे सुरुवातीपासूनही मादी असतात, म्हणून नुसत्या लांबीवर विसंबू नका. प्रजननाच्या टाकीत लहान-मोठे दोन्ही ठेवा.

हेच समुद्रातही लागू आहे आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. ‘लहान मासा सोडा, मोठा घ्या’ हा नियम बऱ्याच माशांना चालतो. जिताड्यात मोठा म्हणजे बहुधा मादी, आणि तिच्या पोटात लाखोंनी अंडी. सगळे मोठे उचलले की मागे नरच उरतात. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये भरती-ओहोटीच्या पाण्यातला ५८ सेंमीपेक्षा लहान जिताडा जसा ठेवता येत नाही, तसाच १२० सेंमीपेक्षा मोठाही परत सोडावा लागतो. सोडताना हात जपा. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी कापते, म्हणून बोटं तिथे घालू नका. पोटाखाली ओला हात देऊन आडवाच उचला, जबड्याला धरून लटकवू नका.